नवखा जिथे अडतो



१९८३ साली गाय कावासाकी ॲपलमध्ये रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे संगणकशास्त्राची पदवी नव्हती. स्टॅनफर्डला मानसशास्त्र, मग लॉस एंजेलिसला एमबीए आणि नंतर एका दागिन्यांच्या कंपनीत नोकरी, असा त्यांचा प्रवास. स्टॅनफर्डपासूनचे मित्र माइक बॉइच तेव्हा मॅकिन्टॉशच्या चमूत होते आणि त्यांच्यामुळे कावासाकी तिथे पोचले. काम विलक्षण होतं. बाजारात अजून न आलेल्या यंत्रासाठी इतर कंपन्यांनी सॉफ्टवेअर लिहावं म्हणून त्यांचं मन वळवायचं. जानेवारी १९८४ मध्ये मॅक आला तो १२८ केबी मेमरी आणि मॅकराइट, मॅकपेंट असे मोजके प्रोग्रॅम घेऊन. बाकी सगळं बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी उभं करायचं होतं. त्यांना ते यंत्र आधी पटायला हवं होतं आणि मग जमायला हवं होतं. पटवणं आणि जमवून देणं ही दोन्ही कामं ज्यांच्याकडे असतात, त्यांच्या व्यवसायाला आज डेव्हलपर रिलेशन्स किंवा थोडक्यात डेव्हरेल म्हणतात.

डेटाबेस, पेमेंट, क्लाउड, नकाशे अशी कितीतरी उत्पादनं आधी प्रोग्रॅमरच्या हातात जातात आणि मग त्याच्यामार्फत सामान्य ग्राहकापर्यंत पोचतात. ती बनवणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. ती नमुना कोड लिहितात, मार्गदर्शिका तयार करतात, व्याख्यानं देतात, अडलेल्यांना उत्तरं देतात आणि लोकांच्या तक्रारी आपल्या कंपनीच्या इंजिनियरांपर्यंत पोचवतात. यातलं शेवटचं काम सगळ्यांत कमी दिसतं आणि सगळ्यांत मोलाचं असतं. या वाटेवर येणारे बहुतेक जण प्रोग्रॅमिंग, लेखन, शिकवणं किंवा स्वयंसेवी कामातून येतात. त्यामुळे आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कुणाला या क्षेत्रात शिरायचं असेल, तर शिकायचं कुठून हा प्रश्न अगदी रास्त आहे.

पुस्तकं आहेत. जोनो बेकन यांचं ‘द आर्ट ऑफ कम्युनिटी’ २००९ मध्ये आलं. कॅरोलाइन ल्यूको आणि जेम्स पार्टन यांचं ‘डेव्हलपर रिलेशन्स’ २०२१ मधलं आहे. त्यांच्या मधलं, २०१८ सालचं मेरी थेंगव्हॉल यांचं ‘द बिझनेस व्हॅल्यू ऑफ डेव्हलपर रिलेशन्स’ नोकरीच्या पहिल्या वर्षात हाताशी असावं असं आहे. हे काम कंपनीच्या हिशेबात बसवणं अवघड जातं. व्याख्यानाला किती माणसं आली, हा आकडा साहेबाला फार काळ समाधान देत नाही. थेंगव्हॉल यांनी त्यावर साधा उपाय सुचवला. एखादा प्रोग्रॅमर उपयुक्त सूचना करतो, त्याची गाठ उत्पादन बनवणाऱ्यांशी घालून दिली. दुसऱ्याने तेच साधन वापरून काही सुरेख बांधलं, त्याला प्रसिद्धी विभागाकडे पाठवलं. तिसरी नोकरी शोधते आहे, तिची ओळख भरती करणाऱ्यांशी करून दिली. अशा प्रत्येक गाठीची नोंद ठेवायची. ज्यांच्या कामाचा असा माग उरत नाही, त्यांची बाजू नोकरकपातीच्या दिवसांत लंगडी पडते.

पण पुस्तकं वाचून हात बसत नाही. तो बसतो नवख्या माणसाची अडचण जवळून पाहिल्यावर, आणि ती पाहण्याची उत्तम सोय थेट पवईत आहे.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभा केला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, तेही फुकट. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचं आणि पाहता पाहता हाताने करत जायचं, अशी रीत. पाठ तयार करण्याची पद्धत तर मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. आधी मजकूर लिहिला जातो आणि त्याचे दोन रकाने असतात. डावीकडे पडद्यावर काय दिसेल ते, उजवीकडे काय बोललं जाईल ते. ‘आता फाइल सेव्ह करा’ असं उजवीकडे असेल, तर नेमकं कुठे क्लिक करायचं हे डावीकडे असावंच लागतं. मग तो मजकूर विषय न येणाऱ्या माणसाच्या हाती देतात. फक्त त्या कागदाच्या आधारे त्याला काम जमतं का, हे पाहतात. तो अडला तर मजकूर सुधारायचा. ध्वनिमुद्रण त्यानंतर.

जाणकाराला जी पायरी उघडच वाटते, तिथेच नवखा अडकतो. नवख्याला शेजारी बसवल्याशिवाय ती पायरी जाणकाराला दिसत नाही.

हे पाठ मराठीतही आहेत. आवाज मराठी आणि पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, कारण पुढे कामावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच समोर येतं. निवेदन पडद्यावरच्या हालचालीबरोबर चालायला हवं, म्हणून भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वाक्याची वेळ सांभाळावी लागते. ज्याने असे दोन-चार पाठ मराठीत आणले, त्याला कमी शब्दांत नेमकं सांगण्याचा सराव आपोआप होतो.

लेखनाचं दुसरं शिक्षण डॅनिएले प्रोचिदा यांच्याकडून घ्यावं. ‘डायाटॅक्सिस’ नावाच्या त्यांच्या मांडणीनुसार दस्तऐवज चार गरजा भागवतात. कुणी पहिल्यांदा शिकतो आहे, कुणाला एक ठरावीक काम उरकायचं आहे, कुणाला फक्त एखादी नोंद तपासायची आहे, कुणाला एखादी गोष्ट अशीच का केली हे समजून घ्यायचं आहे. चौघांसाठी एकच पान लिहिलं की चौघेही वैतागतात. जँगो या पायथॉनमधल्या साधनाचं दस्तऐवजीकरण शेजारी उघडून ठेवावं. शिकणाऱ्याकडून तिथे मतदानाचं एक छोटं ॲप बांधून घेतलं जातं, आणि तपशिलांचे कोश वेगळ्या पानांवर राहतात. गूगलचे तांत्रिक लेखनाचे अभ्यासक्रमही मोफत आहेत. वाक्य छोटं कसं करावं, एका संज्ञेला शेवटपर्यंत एकच नाव कसं ठेवावं, इतक्या मूलभूत गोष्टींपासून ते सुरू होतात.

पायरीपायरीने शिकवणं कसं असावं, यासाठी केल्सी हायटावर यांचा ‘कुबर्नेटिस द हार्ड वे’ हा पाठ पदवीधारकांनी आवर्जून करून पाहावा.  कुबर्नेटिस हे अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवणारं, गूगलमध्ये जन्मलेलं गुंतागुंतीचं साधन एका कमांडने बसवून देणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात. हायटावर यांनी त्या बाजूला ठेवल्या. प्रमाणपत्रं, माहितीचा साठा, नियंत्रणाचा भाग, काम करणारी यंत्रं, सगळं एकेक करून हाताने जोडायचं. प्रत्यक्ष वापरासाठी हे नाही, शिकण्यासाठी आहे, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं आहे. हा पाठ दोनदा करावा. पहिल्यांदा कुबर्नेटिस शिकायला, आणि दुसऱ्यांदा एका पायरीवरून पुढच्या पायरीवर लेखक वाचकाला कसा नेतो ते पाहायला.

मंचावरच्या प्रात्यक्षिकासाठी जॉन ब्रिटन यांचं २०१० मधलं न्यूयॉर्क टेक मीटअपचं सादरीकरण पाहावं. ते सादरीकरण होतं ट्विलिओचं, म्हणजे फोनची सेवा प्रोग्रॅमरांना विकणाऱ्या कंपनीचं. ब्रिटन यांनी मोजक्या मिनिटांत सगळ्यांसमोर कोड लिहिला, आणि त्या कोडने सभागृहातले फोन वाजवले. एकही विशेषण न वापरता कंपनीची ओळख झाली.

बोलण्याची संधी कशी मिळते, हेही उघड्यावर शिकता येतं. पायथॉन वापरणाऱ्यांची परिषद, पायकॉन इंडिया, २००९ मध्ये बंगळुरात सुरू झाली आणि २०११ मध्ये पुण्यात भरली. तिथे व्याख्यानासाठी आलेले प्रस्ताव कुणालाही वाचता येतात, त्यांवरच्या सूचनाही. एकाच विषयावरचे दोन प्रस्ताव घ्यावेत, एक निवडलेला आणि एक न निवडलेला, आणि फरक कुठे पडला ते पाहावं. निवडलेल्यात बहुधा ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल ते लिहिलेलं असतं.

वेब तंत्रज्ञानाचा मोझिलाचा मोठा कोश, एमडीएन, २०२० च्या अखेरीपासून गिटहबवर आहे. चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती पाठवू शकतो. तपासणारे त्यावर प्रश्न विचारतात, शब्द बदलायला सांगतात, आणि ही सगळी बोलणी जाहीर राहतात. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अशा दहा दुरुस्त्या जास्त बोलतात. सुरुवात पुण्या-मुंबईतल्या पायथॉन किंवा लिनक्सच्या एखाद्या बैठकीतही करता येते. तिथे दहा मिनिटं बोलावं, समोरच्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी त्या साधनाचं दस्तऐवजीकरण उघडून एकेका प्रश्नाचं उत्तर शोधावं, आणि जे उत्तर सापडणार नाही, ते स्वतः लिहून दुरुस्ती म्हणून पाठवावं.