मुलांची हाडे आणि अंगणातले ऊन
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात झालेले व्याख्यान)



मुडदूस हे नाव आपल्या आज्यांच्या तोंडी होते. मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, टाळू वेळेवर भरत नाही, दात उशिरा येतात. तो हा रोग. त्याचे मूळ शंभर वर्षांपूर्वी सापडले, पण त्यापासून घ्यावयाचा धडा आपण अजून पुरता गिरवलेला नाही, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरात अन्नाची टंचाई होती आणि लहान मुलांत मुडदूस फार. १९१९ ते १९२२ या काळात इंग्लंडहून गेलेल्या हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बालरुग्णालयात तान्ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. हिवाळ्यात नेहमीच्या आहारावरील पुष्कळ मुलांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल मिळालेली मुले बचावली. उन्हाळ्यात मात्र तेलावाचूनही मुले निरोगी राहिली. त्याच सुमारास बर्लिनचे डॉक्टर हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. एकाच हातावर किरण दिले, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. याचा अर्थ, कातडीत काही द्रव्य तयार होऊन ते रक्तावाटे सर्वांगास पोहोचते. त्यालाच आपण ड जीवनसत्त्व म्हणतो. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यांतून पुरेसे शोषले जात नाही आणि वाढते हाड मऊ राहते.

कोणी म्हणेल, आपल्या देशात उन्हाचा काय तोटा? याचे उत्तर नाशिकने दिले आहे. हचिसन आणि शहा यांची तेथील पाहणी १९२२ साली प्रसिद्ध झाली. उघड्यावर वावरणाऱ्या गरीब कुटुंबांत आहार निकृष्ट असूनही मुडदूस क्वचितच आढळला. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत मात्र तो होता. ऊन अंगणात होते, पण ते मुलापर्यंत पोहोचत नव्हते!

पडदा गेला, पण त्याची जागा आता शाळा, शिकवणी, बंद सदनिका आणि हातातील मोबाइल यांनी घेतली आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळली. वय वाढावे तसे मूल घरात कोंडले जाते, असाच याचा अर्थ आम्हांस वाटतो.

मग करावे काय? खिडकीच्या काचेतून आलेले ऊन येथे उपयोगी नाही. काच ते विशिष्ट किरण अडवते. अगदी पहाटेच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असते, तेव्हा ते भरपूर मिळतात. त्या वेळी हातपाय उघडे ठेवून मुलाने थोडा वेळ खेळावे. कातडी भाजेपर्यंत मात्र नको. सावळ्या कातडीस जरा अधिक वेळ लागतो. तान्ह्या बाळाला उन्हात ठेवू नये. पहिल्या वर्षात त्यास रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत, अशी २०१६ सालची जागतिक तज्ज्ञांची शिफारस आहे. मात्रा डॉक्टरांस विचारूनच द्यावी. अतिरेकाने अपाय होतो. शिवाय कॅल्शियमही हवे. दूध, दही, तीळ आणि आपली नाचणी यांचा विसर पडू नये; शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

शेवटी एक विनंती. वसतिगृहामागील अंगणावर सभागृह बांधावे, अशी सूचना विश्वस्तांपुढे आहे. सभागृहाची गरज आम्हांसही मान्य आहे. ते जुन्या कोठाराच्या जागी उभे राहू शकते. अंगण मात्र एकदा गेले की परत येत नाही. वसतिगृहातील मुलांना दुपारच्या सुट्टीत उन्हात खेळण्यास दुसरी जागा नाही. आपल्या पूर्वसूरींनी ते मोकळे ठेवले. आपणही ते मोकळेच पुढील पिढीच्या हाती द्यावे.