धिंगरी अळिंबीच्या शेडमधील उष्णता आणि वायुवीजन
(प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



पहिल्या पावसानंतर गोमंतकातील वारुळांवर उगवणारी अळमी वाळवीच्या सहवासाशिवाय वाढत नाही; म्हणून ती शेडमध्ये आणता येत नाही. शेडमध्ये भाताच्या पेंढ्यावर येते ती धिंगरी. तिची लागवड सोपी म्हणून सांगितली जाते, आणि ती सोपी आहेही. परंतु उन्हाळ्यात नवशिक्या उत्पादकाच्या पिशव्या निकामी झाल्या की दोष बियाण्यास दिला जातो. पुष्कळदा तो छपराचा व झरोक्यांचा असतो.

धिंगरीच्या प्रचलित जातींना साधारणतः 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते. मात्र भिंतीवरील तापमापक दाखवितो ते केवळ खोलीचे तापमान होय. पेंढ्यात पसरणारी बुरशी स्वतःच उष्णता निर्माण करीत असते. त्यामुळे पिशवीचा गाभा खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी अधिक तापलेला असतो. खोलीत 32 अंश असता गाभा 35 च्या घरात जातो आणि तेथे तंतूंची वाढ खुंटू लागते. पिशव्या एकमेकींस चिकटवून रचल्यास ही उष्णता बाहेर पडत नाही. दोन पिशव्यांत वीतभर अंतर राखावे व तापमापक भिंतीऐवजी पिशव्यांच्या मधोमध टांगावा.

उघडा पत्रा हा या धंद्याचा शत्रू आहे. तो बदलणे परवडत नसेल तर त्यावर माडाच्या झापांचे आच्छादन घालावे. पण ते पत्र्याला टेकवू नये, मधून वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

ओल्या गोणपाटाचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो सर्वत्र सारखा लागू पडत नाही. ग्वाल्हेरकडील कोरड्या उन्हाळ्यात बाहेर 40 अंश तापमान आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा फार तर 22 अंशांपर्यंत उतरू शकते. किनाऱ्यावर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर कितीही पाणी शिंपडले तरी 28 अंशांच्या खाली जाता येत नाही. प्रत्यक्षात तेथवरही पोहोचत नाही. गोणपाट भिजवीत बसण्यापेक्षा अशा ठिकाणी सावली व रात्रीचा वारा यांवर भिस्त ठेवावी. झरोके सायंकाळी उघडावेत, ऊन चढण्यापूर्वी मिटावेत.

दुसरी अडचण कोंडलेल्या हवेची. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असते. पिशवीत तंतू पसरत असताना, म्हणजे पहिले पंधरा-वीस दिवस, तो कितीतरी वाढला तरी बिघडत नाही. तेव्हा खोली अंधारी व मिटलेली चालते. पिशवी उघडून कोंब दिसू लागताच मात्र तो हजार भागांच्या आत हवा. तो मोजण्याचे यंत्र नसले तरी पीकच साक्ष देते: देठ लांब व छत्री इवलीशी असेल तर शेड गुदमरली आहे असे समजावे. खाली जाळी लावलेले प्रवेशझरोके आणि वर आढ्याजवळ निर्गमाची वाट ठेवली म्हणजे तापलेली हवा आपोआप वर निघून ताजी आत येते. दुपारी हवा बदलणे भागच पडले तर ती थोडा वेळच बदलावी व नंतर जमिनीवर पाणी शिंपडावे; कोंबांना 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यात याच्या उलट! तेव्हा फवारणी आवरावी. छत्र्यांवर पाणी साचून राहिल्यास जिवाणूंमुळे पिवळे डाग पडतात.

वायुवीजनाचा संबंध माणसांशीही आहे. पक्व धिंगरीतून असंख्य बीजाणू उडतात आणि काहींना त्यांपासून खोकला, ताप व दम लागतो. हे काम बहुधा घरातील स्त्रियाच करतात, हे ध्यानी घ्यावे. छत्रीची कड वर वळण्यापूर्वीच काढणी करावी. आत शिरण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे झरोके उघडून हवा खेळू द्यावी. नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखपट्टा बांधावा. दम्याचा विकार असलेल्या व्यक्तीस काढणीच्या खोलीत पाठवू नये, तिला बाहेर पेंढा कापण्याचे अथवा पाकिटे भरण्याचेही काम देता येते. त्यातही पेंढ्याची धूळ वर्ज्य असेल तर पाकिटांचेच द्यावे.