खाली सही कुणाची?



कवायतीच्या मैदानावरचे हुकूम ठरलेले असतात. सावधान, विश्राम, तेज चल, थम. त्यात आपल्या पदरचा शब्द घालायची मुभा सुभेदार मेजरलाही नाही. तरीही पहाटेच्या अंधारात, समोरचा माणूस दिसायच्या आधी नुसता हुकूम कानावर आला, की जवान ओळखतात आज कुठला उस्ताद आहे ते. शब्द तेच, आवाज ज्याचा त्याचा. त्यामुळे "जरा वेगळे शब्द वापरा, म्हणजे लिखाणात तुमचा आवाज येईल" असा सल्ला कुणी दिला की मला तो पटत नाही.

आजचा विषय हाच आहे. आपण सगळे आता फोनवर लिहितो. पूर्वी ज्यांनी घरी पत्र टाकण्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं, तेसुद्धा रोज शंभर-दोनशे लोकांसमोर लिहितात. वाचणारा आपल्याला ओळखत असेलच असं नाही. मग ते लिखाण माझंच आहे हे कशावरून?

माझी तेहतीस वर्षं लष्करी लिखाणात गेली. ते कसं असतं सांगतो. परिच्छेदांना नंबर, त्याखाली अ, ब, क, गावांची नावं मोठ्या लिपीत, आणि "मी" हा शब्द जवळजवळ हद्दपार. "असे निदर्शनास आले आहे", "अधोस्वाक्षरीकाराचे मत आहे". बाहेरचे लोक याला हसतात. मी हसत नाही. हुकूम लिहिणारा अधिकारी उद्या नसला तर दुसऱ्याने तो कागद उचलून तसंच काम पुढे चालवायचं असतं. तिथे खालची सही बदलली तरी मजकुराला धक्का लागता कामा नये. आवाज नसणं हा तिथे गुण आहे, आणि तो मेहनतीने शिकवला जातो.

निवृत्त झाल्यावर माणूस मराठीत लिहायला बसतो तेव्हा एकीकडून ही ऑफिसची भाषा ओढते आणि दुसरीकडून सत्कार समारंभाची. "मातृभूमीच्या रक्षणार्थ", "रक्ताचा थेंब न् थेंब", "शौर्याची गाथा". आमच्या निवृत्त मंडळींच्या गटात असे मजकूर रोज येतात. काहींच्या खाली "जसा आला तसा पुढे पाठवत आहे" हेही लिहिलेलं असतं. निदान ते प्रामाणिक असतात म्हणायचं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात एक छापील पोस्टकार्ड होतं, फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड. त्यावर वाक्यं आधीच छापलेली: मी ठीक आहे, मी इस्पितळात दाखल झालो आहे, तुमचं पत्र मिळालं, वगैरे. शिपायाने लागू नसलेली वाक्यं खोडायची, तारीख घालायची, सही करायची. याशिवाय एक शब्द जरी लिहिला तर कार्ड नष्ट करण्यात येईल, अशी तंबी त्यावरच छापलेली होती. लाखो कार्डं गेली. घरच्यांना एवढंच कळायचं की मुलगा जिवंत आहे. तेही थोडं नव्हे, पण पत्र म्हणून ते कुणाचंच नव्हतं.

त्याच युद्धात १९१४ साली आपले हिंदी शिपाई फ्रान्सला गेले. त्यांची पत्रं सेन्सॉर वाचत असे आणि निवडक भाग इंग्रजीत उतरवून ठेवत असे. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यातल्या बऱ्याच पत्रांचं पुस्तक केलं आहे. आता बघा, त्या पत्रावर किती हात फिरले. शिपायाला बहुतेकदा लिहिता येत नसे, म्हणून लिहिणारा दुसरा. वर सेन्सॉरची भीती. मग त्याचं इंग्रजी भाषांतर. आपण वाचतो तो तिसऱ्या-चौथ्या हाताचा मजकूर. तरीही माणूस ऐकू येतो. कुणी काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरात आहे असं कळवतो. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरे. घरच्या माणसाने त्यातून ओळखायचं की इकडे काय चाललं आहे, तू भरतीला येऊ नकोस.

मी त्यावर बराच विचार केला. छापील कार्डाला आवाज नाही आणि इतक्या चाळण्यांतून गेलेल्या पत्राला तो आहे, असं का? मला वाटतं, त्या शिपायाला एका ठरावीक माणसाला एक ठरावीक गोष्ट सांगायची होती. ती सांगितली नाही तर भाऊ भरती होऊन मरेल, ही गरज होती. मिरी हा शब्द त्याने नटवण्यासाठी घेतला नाही. घरी कळेल असा तोच एक होता.

आता जवळचं उदाहरण देतो. नाव, गाव, पलटण, जागा काही सांगणार नाही.

माझ्या कंपनीत एक नाईक होता, सातारा जिल्ह्यातला. उंचावरच्या चौकीवर बर्फात गेला. मुलगी तेव्हा काही महिन्यांची. ती आता कॉलेजात आहे. मागच्या वर्षी तिने माझा नंबर मिळवला आणि फोन केला. म्हणाली, "अंकल, बाबांच्या पुण्यतिथीला दरवर्षी लोक फोनवर मजकूर टाकतात. मी सगळे जपून ठेवले आहेत. पण त्यातलं बाबांचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी चालेल. तुम्ही त्यांच्याबरोबर होतात. मला त्यांचं असं काहीतरी लिहून द्या."

मी तिला विचारलं, त्या वेळी पलटणीकडून पत्र आलं होतं ना? आलं होतं. आईने ट्रंकेत ठेवलं आहे. त्या पत्राचा साचा ठरलेला असतो, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्या दिवशी ते लिहावं लागतं त्या दिवशी सीओचा हात थरथरत असतो. साच्याच्या आधाराने निदान चार ओळी पूर्ण होतात. घरच्यांनाही त्या दिवशी तपशील सोसत नाही. पण वीस वर्षांनी मुलगी विचारते तेव्हा साचा पुढे करायचा नसतो.

मी तिला लिहिलं की तिचे वडील दूध नसलेल्या चहाला चहा म्हणायला तयार नसत. गस्तीहून परत आल्यावर ते माणसं दोनदा मोजत, एकदा चेहरे बघून आणि एकदा बूट बघून. सगळ्यांचे चेहरे झाकलेले असताना बूट खोटं बोलत नाहीत असं त्यांचं म्हणणं. आणि बुखारीजवळच्या खिडकीत, तुपाच्या रिकाम्या डब्यात, त्यांनी मेथी पेरली होती. बोटभर वाढली की लंगरच्या डाळीत चिमूटचिमूट पडायची. त्या चौकीवर महिनोन्‌महिने हिरवं असं तेवढंच.

यातलं काहीही शत्रूच्या उपयोगाचं नाही. आम्हा फौजी लोकांची एक सबब असते, की सरकारी गुपितांचा कायदा आहे, आम्ही काय लिहिणार? १९२३ चा तो कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो, खरं आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. जागा लिहू नका, संख्या लिहू नका, हत्यार लिहू नका. पण ज्या तपशिलात माणूस असतो, तो तपशील शत्रूला काडीच्या किमतीचा नसतो. बूट मोजायला कुठल्या कायद्याची आडकाठी आहे?

त्या पोरीने मजकूर आईला वाचून दाखवला. दोन दिवसांनी आईचा फोन आला. पहिल्यांदाच बोलत होत्या माझ्याशी. म्हणाल्या, "साहेब, ते मेथीचे दाणे मीच पाठवले होते. पत्रात घालून." आंतर्देशीय पत्रात काही घालायचं नसतं, टपालखात्याने त्यावर तसं छापलेलंच असतं. या बाईंनी निळ्या कागदाच्या घडीत दाणे ठेवून, कडा भाताच्या शिताने चिकटवून, एपीओच्या पत्त्यावर धाडले होते. नवरा कुठे आहे तो पत्ता सांगत नव्हता. मेथी पोचली एवढं त्यांना त्याच्या उत्तरातून कळलं होतं.

मी लिहिताना एकच चाचणी लावतो. वाक्य लिहून झालं की विचारतो, याखाली दुसऱ्या कुणाला सही करता येईल का? "ते अत्यंत शूर आणि मनमिळाऊ होते" याखाली गावचे सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, ज्याने त्यांना कधी पाहिलं नाही असा माणूस, कोणीही सही करेल. बुटांच्या वाक्याखाली त्या चौकीवरचे आम्ही दहा-बाराजणच करू शकतो. मग पहिलं वाक्य खोडायचं की ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी बहुतेक वेळा खोडतो.

हल्ली तर यंत्राला सांगितलं की ते अर्ध्या मिनिटात श्रद्धांजली लिहून देतं, शुद्धलेखनासकट. कितीतरी जणांपेक्षा बरं लिहितं, उगाच नाकारू नये. पण ते त्या चौकीवर नव्हतं. तुम्ही त्याला मेथी सांगितलीत तर ते मेथीवर लिहील. मेथी तुम्हालाच आठवावी लागते.

दुसऱ्या टोकाची गंमतही सांगितली पाहिजे. काही मंडळींना वाटतं, आवाज म्हणजे मोठ्याने बोलणं. मिश्या पिळून, मेसमधल्या चार शिव्या घालून, शेवटी तीनदा जय हिंद. टीव्हीवरच्या चर्चेत चालतं तेही. पण तो माणूस घरी बायकोशी तसा बोलत नाही, जवानांशीही बोलत नव्हता. तोही एक साचाच, फक्त खरखरीत.

महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं वेगळं बोलतो, कारण मीही तुमच्यातलाच. इंदूरला वाढलो, तिथेच परत आलो. आमच्याकडे "मी येऊन राहिलोय" म्हणतात, नागपुरातही म्हणतात. पुण्याचा पाहुणा ऐकून हळूच हसतो. बडोद्याच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या, तंजावरच्या माणसाला हा अनुभव असेलच. त्यामुळे लिहायची वेळ आली की आपण घाबरून पाठ्यपुस्तकाची मराठी काढतो, आणि आपलं बोलणं दाराबाहेर ठेवतो. तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला आहे, १८०३ साली. आपलं मराठी बरोबर आहे ना म्हणून पुण्याला विचारायला कुणी गेलं असेल असं मला वाटत नाही.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. त्यांच्या हयातीत ते लिखाण छापलं गेलं नाही. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६ मध्ये काढलं. वैद्य विद्वान होते, हेतूही चांगला होता. पण माझं मत असं की भटजींचं भटजींसारखंच राहू द्यायला हवं होतं. राणीवर पोवाडे, नाटकं, सिनेमे पुष्कळ झाले. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी धुळीने भरलेली, तहानलेली राणी भेटते आणि या भटजीला पाणी काढू न देता स्वतः काढते, हे मात्र त्या विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडूनच येतं. ते लिहिताना भटजींना आपण इतिहास लिहितोय याची फारशी फिकीर दिसत नाही.

कामाची एक गोष्ट. ज्यांना लिहायला बसलं की भाषा ताठ होते, त्यांनी आधी बोलावं. फोनमध्ये बोलून मराठी उमटवायची सोय आहे. भिंतीशी मात्र बोलू नका, कुणाला तरी समोर बसवा, नातवाला, शेजाऱ्याला. विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोर माणसं होती, हे ती वाचताना अजून जाणवतं.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांच्या घरच्यांना आधी दाखवा. मेथीचं मी त्या बाईंना विचारूनच आज बोललो. त्या म्हणाल्या, "सांगा, पण नाव नको." ते पाळलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.