दोघींचे पार्लर आणि एक कागद



मुलींचा उद्योग म्हटला की आपल्याकडे शिवणयंत्राचे नाव आधी निघते. मी आज ब्युटी पार्लरविषयी, आणि तेही दोन मैत्रिणींनी भागीदारीत काढावयाच्या पार्लरविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. परंतु त्यात आईच्या बांगड्या मोडून आणलेला पैसा असतो आणि शाळेपासूनची मैत्री असते. धंदा बुडाला तर दोन्ही जातात.

शहनाझ हुसेन यांनी १९७० च्या सुमारास दिल्लीत राहत्या घरीच आपले काम सुरू केले. लांजा म्हणजे दिल्ली नव्हे. येथे मुंबई-गोवा महामार्गावर बाजार आहे आणि आसपासच्या वाड्यांतून एसटीने येणारे गिऱ्हाईक आहे. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईकर गावी येतात, आखातातले आपले लोक सुट्टीवर येतात, लग्ने निघतात, आणि मग नवरीच्या मेंदीला दोन हात पुरत नाहीत. मृगाचा पाऊस सुरू झाला की खुर्ची रिकामी. पुढे गौरी-गणपतीत आणि ईदेच्या आदल्या रात्री पुन्हा गर्दी. भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. म्हणूनच दोघींनी मिळून धंदा करणे शहाणपणाचे. एकीकडे पैसा असतो, दुसरीच्या हातात कला असते.

आता समजा, एकीने ऐंशी हजार घातले आणि दुसरीने वीस हजार. पण दुसरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुकानात उभी राहते. वर्षअखेर नफा कसा वाटाल? तुम्ही काहीच ठरवले नसेल तर १९३२ चा भागीदारी अधिनियम ठरवतो. त्याप्रमाणे भांडवल कमी असो वा जास्त, नफा-तोटा निम्मानिम्मा. काम करणारीला निराळा पगार नाही. आणि भांडवलावर व्याजही नाही. म्हणजे दोघींनाही वाटणार की आपण फसलो! भांडणाचे मूळ बहुधा येथेच असते, स्वभावात नसते.

यावर उपाय एवढाच की काम करणारीने दरमहा किती उचलावे, उरलेला नफा कोणत्या प्रमाणात वाटावा, बँकेत सह्या कोणाच्या, हे सारे मुद्रांक कागदावर लिहून काढावे. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणणारी मैत्रीण भेटेलच. तिला सांगा, आपल्यात आहे म्हणूनच. तो करार निबंधकाकडे नोंदवाही. नोंदणी नसलेल्या भागीदारीला कराराचे पैसे बुडवणाऱ्या तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही; भागीदारालाही दुसऱ्या भागीदाराकडून कराराप्रमाणे हक्क मागता येत नाही. हिशेब आणि विसर्जन मागता येते, पण तोवर मैत्री उरत नाही. अठरा वर्षांखालील धाकट्या बहिणीचे नाव भागीदार म्हणून घालू नका. कायदा ते मानत नाही.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. त्याने कित्येकींच्या कातडीवर फोड येतात. एका भागीदाराने घाईत ती नवरीच्या हातावर काढली, तर भरपाईला दोघी बांधलेल्या, दुसरी त्या दिवशी माहेरी असली तरी. केसांचा रंगही आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस पाहावा. हे शिकावयाचे तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कर्जासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत तारण लागत नाही. त्यासाठी सोने मोडण्याची घाई नको.

आता सर्वांत नाजूक बाब. दोघींपैकी एकीचे लग्न होऊन ती रत्नागिरीला, मुंबईला किंवा आखातात जाईल. हे अशुभ बोलणे नव्हे, आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र करार लिहिताना कोणी तिचा विचार करीत नाही. जाणारीने किती महिने आधी सांगावे, तिच्या खुर्च्या-आरशांची किंमत कोणी ठरवावी, तिचे पैसे किती हप्त्यांत द्यावेत, तिने लांज्यातच दुसरे पार्लर काढावे की नाही, हे हसत असतानाच लिहून घ्यावे. दुकानाचे नाव कोणाकडे राहील तेही लिहावे. शिवाय पाटीवर जो मोबाईल नंबर रंगवाल तो दोघींपैकी एकीचा घरगुती नसावा. गिऱ्हाईक त्या नंबरामागे जाते. दुकानासाठी वेगळे सीमकार्ड पहिल्याच दिवशी घ्या आणि ते गल्ल्यातल्या फोनमध्ये राहू द्या.