तेलाची बरणी आणि रक्ताचा कागद

आजचा विषय कोलेस्टेरॉल. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या बायकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेतलं. आठवड्याने कागद आले आणि त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते राहिले बाजूला, सगळ्या कागदच वाचत बसल्या. सगळ्यात मोठा आकडा निघाला तो आमच्यातल्या सगळ्यात बारीक काकूंचा. त्या म्हणाल्या, "अगं, मटण मी सणासुदीला खाते, अंगावर मूठभर मांस नाही, मला कुठनं चरबी आली?" प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

कोलेस्टेरॉल म्हणजे मेणासारखा एक पदार्थ. तो शरीराला लागतोच आणि त्यातला बराचसा आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, स्वतःच बनवतं. त्यामुळे बारीक बाईचंही वाढू शकतं. काही घरांत ते आईबापाकडून चालत येतं. थायरॉइडचं काम मंदावलं की वाढतं. आणि पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांचं वाढतं, कारण पाळी चालू असेपर्यंत शरीरातलं इस्ट्रोजेन थोडी राखण करत असतं. काकूंची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती.

वाढलं तरी दुखत काही नाही, हीच त्याची खोड. आमच्या माणदेशात ठिबक सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नळीत आतून क्षार धरत जातात, वरून नळी नवीकोरी दिसते. शेवटची झाडं सुकायला लागली की मग आपण नळी उघडून बघतो. रक्तवाहिनीचंही तसंच. आतून थर बसत जातो आणि पुढे काळजाला किंवा मेंदूला रक्त कमी पडतं.

कागदावर चार ओळी बघायच्या. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत बरं. एलडीएल म्हणजे वाहिनीत थर बसवणारं, ते १०० च्या आत उत्तम, १६० च्या वर गेलं तर जास्त. एचडीएल म्हणजे परत गोळा करून नेणारं, बायकांत ते ५० च्या वर असावं. आणि ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत. मात्र मधुमेह असेल, आधी हृदयाचा त्रास झालेला असेल, तर डॉक्टर याहून कमी आकडा सांगतात. तेव्हा शेजारणीच्या कागदाशी आपला कागद जुळवत बसू नका.

आता जेवणाकडे वळू. घरातल्या कारभाऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं की त्यांच्यासाठी वेगळी भाजी होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बाईचं वाढलं तर? तिच्यासाठी वेगळी कढई कोण ठेवणार? ती स्वतः तर ठेवणारच नाही. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं, तेल सुटलेलं कालवण भाकरीने पुसून खाणार. म्हणून आम्ही ठरवलं की पथ्य करायचं ते घराच्या मोठ्या पातेल्यात, सगळ्यांसाठी. काकूंचं वेगळं ताट मांडायचं नाही.

त्यासाठी पहिलं काम केलं तेलाच्या हिशेबाचं. हिशेब लिहिणं तर आपल्याला येतंच. प्रत्येकीने डबा फोडला त्या दिवसाची तारीख डब्यावर लिहिली आणि संपला त्या दिवसाची वहीत. पोषणाचे जाणकार सांगतात की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे. बैठं काम असेल तर २०, अंगमेहनत असेल तसं जास्त. पाच माणसांचं घर धरलं आणि माणशी २० ते २५ ग्रॅम धरलं, तर महिन्याला सव्वातीन ते चार लिटर होतं. त्यात तूप आलं, लोणी आलं, तळणही आलं. वहीत मात्र कुणाचे सहा लिटर निघाले, कुणाचे सात. आणि पोरं बाहेर वडापाव खातात तो हिशेब वेगळाच.

एकदम निम्मं करायला गेलो असतो तर घरात भांडणं झाली असती. आम्ही पळी काढून टाकली आणि बरणीत पोह्याचा चमचा ठेवला. हाताने ओतलेलं तेल डोळ्याला दिसत नाही, चमच्याने मोजलेलं दिसतं. महिन्याला अर्धा लिटर कमी, पुढच्या महिन्याला आणखी अर्धा. सासूबाई म्हणाल्या, "कालवणावर तवंग नाही, पाहुणे काय म्हणतील?" तर पाहुण्यांसाठी म्हणून सांगते एक युक्ती. कालवणाला दाटपणा भाजलेल्या डाळीच्या पिठाने येतो, चव कांदा-लसूण मसाल्याने येते. वाटणातलं सुकं खोबरं निम्मं करून जागेवर तीळ घातले तर कुणाला कळतसुद्धा नाही. मटणाचा रस्सा गार झाला की वर चरबीचा थर धरतो, तो चमच्याने काढायचा आणि मग गरम करून वाढायचा. यात्रेला आमच्याकडे आता तसंच करतात, आणि रस्सा तरीही संपतो.

तेल कोणतं, हे सगळ्या जणी विचारतात. पामतेलात जवळपास अर्धी चरबी गोठणाऱ्या जातीची असते, तीच एलडीएल वाढवते. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांत ती बरीच कमी, आणि करडईत सगळ्यात कमीत मोडते. ज्वारीच्या कडेने करडईचे पट्टे असायचे ते आता क्वचितच दिसतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. २०२२ च्या दिवाळीत आनंदाच्या शिध्यात शंभर रुपयांत रवा, डाळ, साखर आणि पामतेलाची पिशवी आली. कमी पैशांत तेल येत असेल तर ते फेकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. पण रोजच्या फोडणीला दुसरं तेल घेणं जमत असेल तर घ्या, आणि कोणतंही असो, मोजून घ्या. डालडा मात्र घरातून गेलाच पाहिजे. कारखान्यात तयार होणारी ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि चांगलं एचडीएलही उतरवते. २०२२ पासून सरकारने तेल-वनस्पतीत तिचं प्रमाण २ टक्क्यांवर आणलंय. तरी खारी, क्रीमरोल आणि गाड्यावरची भजी यांत काय असतं ते आपल्याला बघता येत नाही. आणखी एक. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं मोठ्या अक्षरात छापतात. कोणत्याच वनस्पती तेलात ते नसतं. त्यासाठी चार पैसे जास्त देऊ नका.

आता कमी करायचं पुष्कळ झालं, वाढवायचं काय ते सांगते. यकृत पित्त बनवतं आणि त्यासाठी कोलेस्टेरॉल खर्च करतं. ते पित्त आतड्यातून परत शोषलं जातं आणि पुन्हा वापरात येतं. पण पोटात बुळबुळीत चोथा असेल तर तो पित्ताला धरतो आणि शौचावाटे बाहेर घेऊन जातो. मग यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. असा चोथा कशात असतो? हुलग्यात, मटकीत, घेवड्यात, भेंडीत, मेथ्यांत, जवसात, पेरूत. आमच्या दुष्काळी भागाने आपल्याला हुलगा आणि मटकी दिली आणि आपण ती गरिबाचं खाणं म्हणून मागे सारली! आता आमच्या गटात आठवड्यातून चार दिवस उसळ, माडगं नाहीतर शेंगोळे होतात. जवस भाजून कुटूनच खायचा, अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो. भाकरीवर एक-दोन चमचे जवसाची चटणी, तीही वर तेल न ओतता. पीठ चाळून कोंडा टाकू नका.

अंडं खायचं का? बहुतेकांना दिवसाला एक चालतं, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. दूध घ्या, साय काढून घ्या. चहाबरोबर खारी-टोस्टऐवजी मूठभर फुटाणे. आणि दिवसाला सहा कप गोड चहा होत असेल तर ट्रायग्लिसराइड्स तिथून वाढतात. घरातल्या पुरुषांची ती ओळ फार वर असेल तर दारूबद्दलही विचारा, विषय अवघड असला तरी. उपवासाला तेलकट साबुदाणा आणि तळलेल्या पापड्यांपेक्षा भगर, राजगिरा, उकडलेलं रताळं बरं.

आता आमच्या गटातलं सगळ्यात मोठं भांडण. आमचा गट शेव, चिवडा, चकली करून विकतो. कर्जाचा हप्ता त्यातूनच जातो. कोलेस्टेरॉलची चर्चा झाल्यावर एकीने बैठकीत विचारलं, "घरी चमच्याने तेल मोजायचं आणि इथे कढईतलं कालचं तेल आज परत तापवायचं, हे कसं?" खोलीत शांतता. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते खराब होतं, त्यात ट्रान्स चरबी आणि इतर वाईट द्रव्यं वाढतात, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. पण ताजं तेल घ्यायचं तर पाकिटामागे खर्च वाढतो. दोघींनी उघड विरोध केला आणि त्यांचंही खरं होतं, त्यांच्या घरी दुसरी कमाई नव्हती. तीन बैठका त्यावर गेल्या. शेवटी ठरलं की तळणीचं तेल गाळून फार तर एकदा पुन्हा वापरायचं, त्यात नवं तेल ओतून वाढवायचं नाही, काळं पडलं, धूर-फेस आला तर लगेच काढायचं. पाकिटामागे पाच रुपये वाढवले. दोन दुकानदार सोडून गेले. मग भाजक्या पोह्यांचा चिवडा, भाजलेली जवस-कारळ्याची चटणी आणि मटकीचं भाजणीपीठ सुरू केलं. चटणी चांगली जाते. चिवड्याचं अजून तितकंसं जमलेलं नाही, लोकांना तळलेलाच हवा असतो. विरोध करणाऱ्या दोघी आता चटणीचं काम बघतात.

दोन गोष्टी खाण्याच्या बाहेरच्या. पहिली मिश्री. बायका म्हणतात, आम्ही तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरडीतून तो रक्तात जातो आणि काळजावर ताण आणतो. सकाळची सोडवत नसेल तर आधी दुपारची सोडा. दुसरी चालणं. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला चालायला सांगितलं तर ती हसते, आणि हसणं रास्त आहे. पण खुरपण काही बारा महिने नसतं, आणि आता शिवणकाम, दुकान, अंगणवाडी करणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल, इतकं भरभर चालावं. आम्ही चार-पाच जणी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो. एकटी निघाली तर गाव विचारतं कुठे चाललीस, पाच जणी निघाल्या की कुणी विचारत नाही.

गोळीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हे सगळं करूनही काहींचं एलडीएल उतरत नाही. विशेषतः १९० च्या वर असेल, मधुमेह असेल किंवा आधी झटका येऊन गेला असेल तर डॉक्टर गोळी देतात आणि ती घ्यायची असते. आकडा खाली आला म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. अंग फार दुखायला लागलं, किंवा दिवस राहिले, राहावेत असं वाटत असलं, तर आधी डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रात तीच गोळी स्वस्त मिळते. मोबाइलवर 'लसणाचा काढा, ब्लॉकेज साफ' असे निरोप फिरतात. लसूण जरूर खा, चटणीत घाला, पण गोळीच्या जागी तो चालत नाही.

आणि बाईचा झटका नेहमी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. जबडा, पाठ, खांदा, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, दरदरून घाम, मळमळ, काही न करता धाप, यांतूनही तो येतो. "पित्त झालंय, सोडा घेते, जरा पडते" असं म्हणत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते.

तीस वर्षं झालेल्या प्रत्येकीने रक्तदाब आणि साखर आपल्या उपकेंद्रात तपासून घ्यावी, तिथेच कोलेस्टेरॉलची तपासणी कधी होते ते आशाताईंना विचारावं. रक्त द्यायला जाताना दहा-बारा तास पोट रिकामं ठेवायला सांगतात, पाणी प्यालं तर चालतं. आहार बदलल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. काकूंनी तपासलं, एलडीएल उतरलं, पण पुरतं नाही. डॉक्टरांनी थायरॉइड बघायला सांगितलं, तर ते मंदावलेलं निघालं. आता त्याची गोळी सुरू आहे आणि पुढची तपासणी आषाढात आहे. रक्ताचा कागद त्यांनी बचतीच्या पासबुकात ठेवलाय, तुम्हीही तिथेच ठेवा, म्हणजे दर महिन्याला हाताशी येईल.