पदवी तीन वर्षांची की पाच?



बारावीचा निकाल लागला की घाटकोपर-मुलुंडच्या अनेक घरांत हा पेच उभा राहतो. कालिना येथे मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी 2007 साली मूलभूत विज्ञानाचे केंद्र स्थापिले. तेथील एम.एस्सी.चा अभ्यासक्रम सलग पाच वर्षांचा आहे. पालक म्हणतात, ‘पाच वर्षे फार होतात!’ वस्तुतः तीन वर्षांची बी.एस्सी. आणि त्यापुढील दोन वर्षांची एम.एस्सी. मिळून पाचच वर्षे होतात. सलग मार्गात मधल्या प्रवेशाची धावपळ तेवढी वाचते. संशोधनच करावयाचे ज्याने निश्चित केले आहे, त्याने हा मार्ग अवश्य धरावा.

परंतु अठराव्या वर्षी सर्वांचेच मन ठरलेले नसते. पदवी तिसऱ्या वर्षी हाती असली, तर विषय बदलता येतो, नोकरी धरता येते, प्रसंगी वडिलांच्या पेढीवरही बसता येते. घरातील कर्ता माणूस आजारी पडला, तर ही सोय लहान नव्हे. पवईच्या आय.आय.टी.तही चार वर्षांची बी.टेक. की पाच वर्षांची दुहेरी पदवी, हा असाच प्रश्न असतो.

म्हणून मध्येच थांबावे लागल्यास कोणती पदवी मिळेल, हे प्रवेशापूर्वी माहितीपुस्तिकेत लेखी पाहावे. साहाय्य करणाऱ्या दात्यांनीही अशा विद्यार्थ्याला एका वर्षाचे नव्हे, पाचही वर्षांचे वचन द्यावे.