निधी संपल्यानंतरचे आरोग्यकार्य

ही परिषद लोकसहभागातून चालणाऱ्या आरोग्य कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी भरली आहे. अनुदानाची मुदत बहुधा तीन किंवा पाच वर्षांची असते आणि ती संपली तरी गावातली बाळंतपणे, ताप आणि हगवण चालूच राहतात. म्हणून पैसा थांबल्यावर कामाचे काय होते, हा प्रश्न या परिषदेच्या अग्रस्थानी आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात आरोग्यदूत, म्हणजे गावातीलच प्रशिक्षित स्त्री, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करी, अंगाचा ताप पाही, मिनिटाला श्वास किती हे मोजी आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देई. पुढे २०११ मध्ये हे काम देशभरातील शासकीय आशा स्वयंसेविकांकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी ठरल्या आणि त्या पूर्ण केल्याबद्दल २५० रुपये मोबदला मिळू लागला. कार्यक्रम टिकला, कारण त्याला माणूस, वेळापत्रक आणि अंदाजपत्रकातील स्वतंत्र शीर्ष, म्हणजे खर्चाची नेमून दिलेली जागा, मिळाली. तरीही इंजेक्शन देण्याचे काम आशांच्या वाट्याला आले नाही, आणि हस्तांतरणात गळालेल्या अशा भागाची नोंद ठेवणे स्वागत समितीला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

एचआयव्ही प्रतिबंधासाठी गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केलेला ‘आवाहन’ कार्यक्रम २००९ पासून टप्प्याटप्प्याने शासनाकडे गेला, आणि त्यासाठी मनुष्यबळाचे प्रमाण व नोंदींचे नमुने आधीच शासकीय निकषांशी जुळवून घेण्यात आले. ही पूर्वतयारी अनुकरणीय आहे. मात्र शासकीय निधी वेळेवर पोहोचला नाही, तर वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन सर्वप्रथम थकते, आणि ती घरी बसली की वर्षानुवर्षे जोडलेला विश्वासही तुटतो.

यास्तव प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या करारातच हस्तांतरणाचे वर्ष, जबाबदार कार्यालय आणि कार्यकर्तीच्या मानधनाचे शीर्ष लिहिले जावे, असा ठराव या परिषदेने करून तो शासनाकडे पाठवावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.